भावाचा कंपवात आणि मामाच्या घरची सोयरीक

पत्र:

माझा भाऊ ३३ वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून त्याचा उजवा हात नुसता बसल्याजागी थरथरतो. सकाळी उठला की उजवं पाऊल आत वळतं, अंगठा वर ताठ होतो, मग हळूहळू सुटतं. डॉक्टरांनी पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, सांगितला. गोळ्यांनी चांगला फरक आहे. ॲसिडिटीची एक कॅप्सूल तो तीन वर्षांपासून मेडिकलमधून आणून रोज खातो. आमचे आईवडील सख्खे आते-मामेभावंडं, वडिलांनी मामाची मुलगी केली. आईच्या वडिलांचेही हात सत्तरीनंतर थरथरायचे, बशीतला चहा तोंडाशी जाईस्तोवर निम्मा सांडायचा. वडील आणि भाऊ दोघं कापसावर फवारणी करतात. मी २७ वर्षांची. माझी सोयरीक मामाच्या मुलाशी ठरत आलीय, दिवाळीनंतर लग्न धरायचं म्हणतात. हा आजार जनुकातून येतो असं वाचलं. मला होईल का? माझ्या लेकरांना होईल का? मी रक्त तपासून घेऊ का? गावात लोक आईला बोलतात, नात्यात लग्न केलं म्हणून पोराला भोगावं लागतं. ती धड जेवत नाही.
– एक बहीण, परभणी जिल्हा

उत्तर:

ताई, लग्नाची तारीख पक्की करायला दोन-तीन महिने थांबा आणि स्वतःचं रक्त आत्ता देऊ नका. आधी भावाची तपासणी व्हायला हवी. त्याच्या आजाराला कारण असलेला जनुक सापडला, तरच तुमच्या आणि तुमच्या होणाऱ्या लेकरांच्या प्रश्नाला आकड्यात उत्तर देता येतं. तो न सापडता तुमची तपासणी केली आणि रिपोर्ट 'नॉर्मल' आला, तर त्याला काहीच अर्थ नसतो, कारण नेमकं काय शोधायचं हेच प्रयोगशाळेला माहीत नसतं. अशा रिपोर्टवर विसंबून लग्नं ठरतात, म्हणून हे सुरुवातीलाच सांगितलं.

जनुकाच्याही आधी दोन साध्या गोष्टी तपासायच्या आहेत. पहिली ती कॅप्सूल. पाकीट उलटं करून बारीक अक्षरातली नावं वाचा. नुसतं पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल असेल तर या बाबतीत काळजी नाही. पण त्याच्या जोडीला 'लेव्होसल्पिराइड' असेल, तर ती कॅप्सूल डॉक्टरांना दाखवून बंद करून घ्या. मेंदूत हालचालीचे निरोप पोचवणारं डोपामिन हे रसायन पेशींवर ज्या जागी चिकटतं, त्या जागाच हे औषध अडवतं, त्यामुळे पार्किन्सन्ससारखीच थरथर आणि ताठरपणा आणू शकतं. आपल्याकडे ते चिठ्ठीशिवाय, वर्षानुवर्षं खाल्लं जातं. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, चक्करेवरचं सिनारिझिन, अर्धशिशीवरचं फ्लुनारिझिन आणि मानसिक आजारांवरची बरीच औषधं हेच करतात. त्यातली मानसिक आजाराची औषधं मात्र मनानं कधीच थांबवायची नाहीत. औषध बंद केल्यावर लक्षणं ओसरायला काही आठवडे ते सहा महिने, कधी त्याहून जास्तही लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून 'कॅप्सूलचा दोष नव्हता' असं ठरवू नका.

तरीही भावाचा सगळाच आजार कॅप्सूलमुळे असेल असं आम्हाला वाटत नाही. औषधामुळे होणारा त्रास बहुतेकदा दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि त्याला पार्किन्सन्सच्या गोळीचा फारसा गुण येत नाही. भावाचा त्रास एका बाजूला आहे, सकाळी पाऊल वळतं, आणि गोळी लागू पडते. कॅप्सूल असलीच तर मूळ आजारात भर घालत असेल.

दुसरी गोष्ट विल्सनचा आजार. शरीराला तांबं बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात आणि मेंदूत साठतं, आणि तरुण वयात हुबेहूब पार्किन्सन्ससारखं चित्र दिसतं. तोही नात्यातल्या लग्नांत जास्त आढळतो. वेळेत सापडला तर त्यावर नेमकं औषध आहे, म्हणून चाळिशीच्या आतल्या प्रत्येक रुग्णात तो आधी नाकारायचा असतो. तीन तपासण्या लागतात: रक्तातलं सेरुलोप्लाझमिन (२० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर संशय), स्लिट लॅम्पखाली डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी-हिरवट कडं आहे का हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहणं, आणि २४ तासांच्या लघवीतलं तांबं (१०० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर संशय).

ही शेवटची तपासणी घरी गोळा करताना बिघडते. सकाळी सहाची पहिली लघवी टाकून द्यायची. त्यानंतर दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची पहिली, अशी सगळी एकाच डब्यात घ्यायची. मधली एकही चुकवायची नाही. शेताला जाणाऱ्या माणसानं त्या दिवशी घरीच थांबावं. डबा प्रयोगशाळेनं दिलेला प्लॅस्टिकचाच वापरायचा. तांब्या-पितळेच्या भांड्यात धरून मग डब्यात ओतली तर आकडा खोटाच वर जातो आणि घरादाराला नसता घोर लागतो.

आता जनुकाकडे येऊ. साठीच्या पुढे साधारण शंभरात एकाला पार्किन्सन्स असतो आणि त्यातल्या बहुतेकांत एकच एक जनुकीय कारण सापडत नाही. एका जनुकातल्या दोषानं होणारा आजार सगळ्या रुग्णांत जेमतेम ५ ते १० टक्के. पण तिशीत सुरुवात, आईवडील रक्ताचे नातेवाईक आणि स्वतः दोघंही धडधाकट, या तीन गोष्टी एकत्र आल्या की हिशेब बदलतो. तिथं 'रिसेसिव्ह' वळणाचा जनुक शोधायचा असतो, म्हणजे ज्याच्या आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच आजार होतो. असे तीन जनुक मुख्य: पार्किन (१९९८ मध्ये जपानी कुटुंबांत सापडला), डीजे-१ (२००३) आणि पिंक-१ (२००४). कमी वयात सुरू होणाऱ्या अशा आजारात जगभर सर्वात जास्त सापडतो तो पार्किन. भावाची लक्षणं त्याच्याशी जुळतात: सकाळी पाऊल आत वळणं, गोळीला चांगला प्रतिसाद. भावाला विचारा, झोप झाल्यावर काही वेळ बरं वाटतं का, आणि वास नीट येतो का. पार्किनच्या आजारात झोपेनंतर आराम पडणं आणि वासाची जाण टिकून राहणं हे बऱ्याचदा दिसतं. नेहमीच्या, उतारवयातल्या पार्किन्सन्समध्ये मात्र वास आधीच गेलेला असतो.

हे जनुक पेशीत करतात काय, हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. मध्यमेंदूत सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर भाग आहे. तिथल्या पेशी डोपामिन तयार करतात आणि हालचालीची गती-लय सांभाळतात. थरथर दिसू लागते तोवर त्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. या पेशी नाजूक का? एकेका पेशीच्या शाखा इतक्या पसरलेल्या असतात की त्यांची एकूण लांबी काही मीटर भरावी असा अंदाज आहे. त्या स्वतःहून, न थांबता ठोके देत राहतात आणि प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम आत येतं, ते पुन्हा बाहेर काढायला ऊर्जा लागते. शिवाय डोपामिन स्वतःच ऑक्सिडाइझ होऊन पेशीला इजा करू शकतं. म्हणजे ऊर्जेची गरज प्रचंड, आणि ती पुरवणारी पेशीतली छोटी वीजघरं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, कायम ताणाखाली.

मायटोकॉन्ड्रिया बिघडली की ती पेशीतून काढून टाकावी लागते. कापसात गुलाबी बोंडअळीच्या डोमकळ्या वेळच्या वेळी ओळखून, खुडून, नष्ट कराव्या लागतात, तसंच. पिंक-१ जनुकातून बनणारं त्याच नावाचं प्रथिन हा बिघाड ओळखतं. चांगल्या मायटोकॉन्ड्रियात ते आत ओढलं जाऊन लगेच नष्ट होतं, बिघडलेल्यात मात्र आत जाऊ शकत नाही आणि बाहेरच्या आवरणावर साचत जातं. ते साचलं की पार्किन या प्रथिनाला तिथं बोलावून कामाला लावतं. पार्किन त्या मायटोकॉन्ड्रियावर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाच्या खुणा लावतं. खुणा लागलेला भाग मग लायसोसोम या पिशवीत नेऊन विरघळवला जातो. दोघांपैकी एकही नसेल तर बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रिया तशाच राहतात, ऊर्जा कमी देतात, इजा जास्त करतात, आणि सर्वात जास्त ऊर्जा लागणाऱ्या त्या काळ्या भागातल्या पेशी सगळ्यात आधी कोलमडतात. पार्किनची एक प्रत चांगली असेल तर काम भागतं. भावाचा आजार पार्किनचा असेल, तर तुमचे आईवडील ठणठणीत आहेत ते त्यामुळेच.

उतारवयातल्या नेहमीच्या पार्किन्सन्समध्ये बिघाडाची दुसरी वाट ठळक असते. अल्फा-सायन्युक्लिन नावाचं प्रथिन चुकीचं घडी पडून एकमेकांना चिकटतं आणि पेशीत गोळे साचतात. त्यांना लेवी बॉडी म्हणतात, फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ मध्ये त्यांचं वर्णन केलं. या प्रथिनाच्या जनुकातला पहिला दोष १९९७ मध्ये इटालियन आणि ग्रीक कुटुंबांत सापडला. काही कुटुंबांत तर जनुक बिघडलेला नसतो, फक्त त्याच्या जादा प्रती असतात, आणि जास्त प्रथिन एवढं कारणच आजाराला पुरतं. जीबीए नावाच्या जनुकात दोष असला की लायसोसोमची सफाई मंदावते आणि हे प्रथिन साचायला मदत होते. जीबीएचा दोष असलेल्या बहुतेकांना मात्र आयुष्यभर पार्किन्सन्स होत नाही. आणखी एक एलआरआरके-२. तो एका प्रतीच्या दोषानंही आजार देऊ शकतो, तरी तो दोष बाळगणारी कितीतरी माणसं म्हातारी होऊन निरोगीच जातात. जनुकाचं नाव कळण्याआधी 'आनुवंशिक आहे' एवढ्यावर काहीही ठरवू नये, असं आम्ही म्हणतो ते म्हणूनच. प्रत्येक जनुकाचा हिशेब वेगळा आहे.

आजोबांच्या थरथरीचं तुम्ही जे लिहिलं, त्यात एक खूण आहे. बशी तोंडाशी नेताना चहा सांडायचा, म्हणजे हात कामात असताना थरथरायचा. पार्किन्सन्सची थरथर बहुधा हात मांडीवर मोकळा ठेवल्यावर दिसते. कामातली थरथर हा बऱ्याचदा 'इसेन्शियल ट्रेमर' हा वेगळा त्रास असतो. त्यांची चाल मंद झाली होती का, पाय घासत चालायचे का, आवाज बारीक झाला होता का, हे आईला विचारा. उत्तर 'नाही' असेल तर आजोबांना या आजाराच्या साखळीत धरू नका.

भावाच्या तपासणीसाठी न्यूरॉलॉजिस्टकडे जाण्याआधी घरी दोन कामं करा. एक, वंशवेल काढा. कागदावर आडवी रेघ म्हणजे लग्न, खाली उतरणारी रेघ म्हणजे लेकरं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्याला थरथर किंवा ताठरपणा त्याचं चिन्ह काळं करा आणि शेजारी सुरुवातीचं वय लिहा. नात्यातल्या लग्नाला दोन आडव्या रेघा. पणजोबा-पणजीपर्यंत जा, आणि लहानपणी किंवा तरुणपणी गेलेल्यांनाही विसरू नका. दोन, फोनवर भावाचे व्हिडिओ घ्या: सकाळच्या गोळीआधी आणि गोळीनंतर तासाभरानं. त्यात दहा पावलं चालून वळणं, अंगठा-तर्जनी भरभर जुळवणं, हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसणं, आणि सकाळचं ते वळलेलं पाऊल. दवाखान्यात पाऊल सरळच दिसतं आणि डॉक्टरांना नेमकी महत्त्वाची गोष्ट दिसत नाही.

जनुकीय तपासणी लिहून देताना एक गोष्ट आवर्जून विचारा: 'यात पार्किनचे तुकडे गाळलेले किंवा दुप्पट झालेले सापडतील का?' पार्किन हा लांबलचक जनुक आहे. त्यातले बरेच दोष एखादं अक्षर बदलण्याचे नसतात, अख्खा तुकडा गहाळ होण्याचे किंवा दोनदा येण्याचे असतात. अक्षरं वाचणारी नेहमीची एक्झोम (सगळ्या जनुकांची) किंवा पॅनेल (ठरावीक जनुकांची) तपासणी असा तुकडा हुकवू शकते. त्यासाठी एमएलपीए नावाची वेगळी पद्धत आहे. 'एक्झोम नॉर्मल, म्हणजे आनुवंशिक नाही' असा निष्कर्ष काढून प्रकरण बंद होतं ते इथंच. एक्झोममध्ये काही मिळालं नाही तर एमएलपीए करून घ्या. खर्च आधी विचारा, प्रयोगशाळांमध्ये बराच फरक असतो. रक्त काही मिलिलिटर, जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत. ते परभणीत किंवा नांदेडातही काढता येतं, रिपोर्टला साधारण तीन ते सहा आठवडे धरा. तुम्हाला सोयीचं मोठं ठिकाण हैदराबाद. तिथल्या निम्समध्ये (निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस) वैद्यकीय जनुकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, समुपदेशन आणि तपासणी एकाच छताखाली होते.

रिपोर्टमध्ये मुख्यतः दोन प्रकारचे शब्द येतात. 'पॅथोजेनिक' किंवा 'लाइकली पॅथोजेनिक' म्हणजे कारण सापडलं. 'व्हीयूएस' म्हणजे बदल दिसला, पण तो अपायकारक आहे की नुसता वेगळेपणा, हे आज ठरत नाही. व्हीयूएसवरून ना लग्न मोडायचं, ना कुणाला आजारी ठरवायचं. आणि पार्किनमध्ये दोन दोष दिसले तर आईवडिलांचंही रक्त द्या. एक दोष आईकडून आणि एक वडिलांकडून आला आहे हे दिसलं, तरच निदान पक्कं.

समजा भावात पार्किनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या. तुमच्या आईचे वडील आणि वडिलांची आई सख्खी बहीणभाऊ. त्यांच्या आईवडिलांपैकी एकाकडून हा दोष दोन्ही शाखांत उतरला असणार. भाऊ जन्मला तेव्हा तुमच्या आईवडिलांच्या प्रत्येक अपत्याचा हिशेब असा होता: चारात एकाला आजार, चारात दोघं नुसते वाहक (एकच प्रत बिघडलेले), चारात एक पूर्ण मोकळं. तुम्ही २७ वर्षांच्या आहात, लक्षण नाही, त्यामुळे आजाराची शक्यता चारात एकापेक्षा खाली आली आहे, पण संपलेली नाही, कारण पार्किनचा आजार पस्तिशी-चाळिशीतही सुरू होऊ शकतो. सर्वात जास्त शक्यता तुम्ही नुसत्या वाहक असण्याची आहे. पार्किनच्या एका प्रतीचा वाहक सहसा आजारी पडत नाही.

लेकरांचा प्रश्न जोडीदारावर ठरतो. तुमचे मामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ, त्यांच्यात तोच दोष असण्याची शक्यता निम्मी. त्यांच्या मुलात चारात एक. त्या मुलाशी लग्न झालं तर तुमच्या प्रत्येक लेकराला हा आजार होण्याची शक्यता चोवीसांत एक ते सोळांत एक, म्हणजे सुमारे ४ ते ६ टक्के येते. नात्याबाहेरच्या मुलाशी झालं तर ती एक टक्क्याच्या आत येते, कारण अनोळखी घरात त्याच जनुकातला दोष असणं विरळ.

हा अंदाज मात्र रिपोर्ट येईपर्यंतचाच. भावातला दोष एकदा नेमका कळला की मामाच्या मुलाची फक्त तेवढ्या जागेची तपासणी होते, ती अख्ख्या एक्झोमपेक्षा स्वस्त आणि लवकर होणारी. त्याच्यात तो दोष नसेल तर तुम्ही वाहक असलात तरी तुमच्या लेकरांना या जनुकाचा हा आजार होण्याची भीती जवळपास उरत नाही. म्हणून तुमच्यापेक्षा आधी त्याची तपासणी करणं जास्त उपयोगाचं. स्वतःला पुढे आजार होणार का हे जाणून घ्यायचं की नाही, हा सर्वस्वी तुमचा प्रश्न. आज तो आजार थोपवणारं औषध नाही, त्यामुळे जाणून न घेण्यातही काही चूक नाही. सासरच्या किंवा माहेरच्या कुणाच्या दबावाखाली ही तपासणी करू नका, आणि कुणाचाही रिपोर्ट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

एक वेगळी गोष्टही लक्षात घ्या. पार्किन बाजूला ठेवला तरी सख्ख्या आते-मामे लग्नात लेकरांत इतर जन्मजात आणि रिसेसिव्ह आजारांची शक्यता नेहमीच्या जोडप्यापेक्षा साधारण दोन-तीन टक्क्यांनी वाढते, आणि तुमच्या घरात असं लग्न सलग दुसऱ्या पिढीत होतंय. थॅलेसेमिया आणि सिकलसेलसाठी दोघांची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार पाहणारी) तपासणी तर करायचीच, ती साधी रक्ततपासणी आहे.

भावाला लेकरं असतील तर ती सगळी वाहक असणार, आजारी नाही, त्याची बायको त्याच जनुकाची वाहक असेल तरच प्रश्न. वहिनीही नात्यातल्या असतील तर हे समुपदेशकाला जरूर सांगा. लहान लेकरांचं रक्त आत्ता काढू नका, मोठी झाल्यावर ती स्वतः ठरवतील.

फवारणीबद्दल. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी लोक भेसळीच्या अमली पदार्थामुळे थोड्याच दिवसांत पार्किन्सन्सच्या रुग्णांसारखे ताठरले. त्यातलं एमपीटीपी हे रसायन मायटोकॉन्ड्रियातल्या ऊर्जेच्या साखळीचा पहिला टप्पा बंद पाडतं. रोटेनोन हे कीटकनाशक तोच टप्पा अडवतं, आणि पॅराक्वाट हे तणनाशक पेशीत ऑक्सिडेशनची इजा वाढवतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात या दोन रसायनांशी काम केलेल्यांत पार्किन्सन्स सुमारे अडीच पट आढळला. युरोपीय संघात पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे. तेव्हा फवारणीचा संबंध नाकारता येत नाही. पण ३३ व्या वर्षी, आईवडील आते-मामे असताना, फवारणी हे एकटं कारण मानून जनुकीय तपासणी टाळणं चुकीचं ठरेल. ज्याच्या पेशीत सफाई आधीच अधू आहे, त्यानं मायटोकॉन्ड्रियावर घाव घालणाऱ्या रसायनाजवळ जायचंच नाही. भावानं पंप पाठीवर घेणं आजपासून बंद. वडिलांनी रबरी हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रसायनांसाठीचा मास्क वापरावा, औषध काडीनं ढवळावं, हातानं नाही, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये, पंप गळका असेल तर आधी दुरुस्त करावा, कारण पाठीवरून ओघळणारं औषध कातडीतून आत जातं. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत.

भावाच्या गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तरुण रुग्णांत ज्या चुका होतात त्या सांगायलाच हव्यात. लेव्होडोपाची गोळी (सिंडोपा वगैरे) जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभरानं, पाण्याबरोबर घ्यायची. दूध, डाळ, अंडी यांतलं प्रथिन तिच्या शोषणाशी स्पर्धा करतं, आणि लोहाची गोळी तिला बांधून टाकते, म्हणून लोहाच्या गोळीत दोन तासांचं अंतर हवं. मळमळ होत असेल तर भाकरीचा कोरडा तुकडा खाऊन घ्या आणि डॉक्टरांना सांगा. मळमळीवर मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन द्यायला निघालेल्या कुणालाही आजाराचं नाव सांगून थांबवा. खाजकुइरीच्या बियांच्या चूर्णात लेव्होडोपाच असतं. ते गोळ्यांबरोबर सांगितल्याशिवाय घेतलं तर डोस नकळत वाढतो आणि अंगाला आपोआप हेलकावे बसू लागतात, जे पार्किनच्या आजारात तसेही लवकर सुरू होतात. प्रॅमिपेक्झोल किंवा रोपिनिरोल चालू असेल तर घरच्यांनी लक्ष ठेवावं: ऑनलाइन रमी, उधळपट्टी, अनावर इच्छा असं काही नव्यानं दिसलं तर तो औषधाचा परिणाम असू शकतो, लाजून लपवू नये. आणि कुठलीही गोळी एका दिवसात बंद करायची नाही. लेव्होडोपा अचानक थांबवल्यानं अंग ताठरून, ताप चढून जिवावर बेतू शकतं. रोजचा दमछाक होईल इतका व्यायाम मात्र गोळीइतकाच गांभीर्यानं घ्यावा. सोबतीसाठी पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथं मराठीतून बोलणारी माणसं भेटतील.

आईला हे सांगा: प्रत्येक माणूस आपल्या जनुकांत काही ना काही रिसेसिव्ह दोष बाळगून असतो, बोलणारे गावकरीसुद्धा. भावाच्या रिपोर्टमध्ये पार्किन निघालाच, तरी आईकडे तो एक होता, वडिलांकडे तोच होता, हे त्यांना कळण्याचा तेव्हा काहीच मार्ग नव्हता. पार्किन १९९८ पर्यंत जगातल्या कुणालाच माहीत नव्हता. दोघं वाहक असूनही प्रत्येक खेपेला लेकरू निरोगी होण्याची शक्यता चारात तीन होती. जेवण सुटल्याला दोन आठवडे झाले असतील, झोपही उडाली असेल, तर आईला डॉक्टरांकडे न्या. ते भावाच्या दवाखान्याइतकंच गरजेचं आहे.

मामांकडे विषय काढताना 'लग्न नको' असं म्हणून सुरुवात करू नका. भावाचा आजार मामांच्याच घरच्या रक्तातून आलेला असण्याची शक्यता आहे, त्यामुळे ही तपासणी त्यांच्या इतर लेकरांच्याही कामाची आहे. रिपोर्ट येईपर्यंत साखरपुडा पुढे ढकलायला सांगा, वंशवेलीचा कागद त्यांच्यासमोर ठेवा, आणि रिपोर्ट आल्यावर तुम्ही आणि मामाचा मुलगा, दोघं एकत्र जनुकीय समुपदेशकासमोर बसा. मोठ्यांना त्या वेळी बाहेर थांबायला सांगितलं तरी चालेल.